मदरबोर्ड घेताना भरवसा कशाचा धरावा?



आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील बारा जुने संगणक बदलण्याचा विषय सध्या विश्वस्त मंडळासमोर आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने बंद केली. आपले जुने बोर्ड विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. शिवाय बारापैकी चार संगणक गेल्या दोन पावसाळ्यांत बंद पडले आणि चौघांतही दोष मदरबोर्डचाच निघाला. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अगदी सरळ प्रश्न टाकला, "सर, कोणत्या कंपनीचा बोर्ड बिघडत नाही तेवढे सांगा. तोच घेऊन टाकू."

प्रश्न सोपा वाटतो. मी आपल्या माजी विद्यार्थ्यांना फोन लावले. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला संगणकाच्याच कामात आहेत. एकाने आसुस सांगितले, दुसऱ्याने "आसुस सोडून काहीही घ्या सर" म्हटले, तिसऱ्याने गिगाबाइट, चौथ्याने एमएसआय. प्रत्येकजण आपल्या अनुभवाने बोलत होता आणि कोणीच खोटे बोलत नव्हता. तरी चौघांची उत्तरे चार. असे का होते आणि मग निर्णय कशावर घ्यावा, हे समजावण्यासाठी हा लेख. पैसा लोकांच्या देणगीचा आहे, तेव्हा हिशेब सर्वांसमोर मांडलेला बरा.

आधी मदरबोर्ड म्हणजे काय ते थोडक्यात. संगणकाच्या डब्यात जी मोठी पाटी असते, जिच्यावर प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळे येऊन जोडले जाते, ती. पाटीच्या आत तांब्याचे पातळ थर असतात, स्वस्त बोर्डात साधारण चार, महागात सहा किंवा जास्त. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम तांबे एक चौरस फुटावर पसरले तर ३५ मायक्रॉनचा पापुद्रा होतो, माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीचा. या पापुद्र्यांतून सगळी वीज आणि सगळे संदेश जातात. आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे. सहलीला तिथे गेलेल्या मुलांनी तो खोल खड्डा पाहिला आहे. खडकातून निघणाऱ्या धातूचा असाही एक उपयोग असतो, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

आता या पाटीवर बिघडते काय? लोकांना वाटते, मोठी चिप जळते. तसे क्वचितच होते. बहुधा बिघडतो तो वीज पुरवणारा भाग. पॉवर सप्लायकडून, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला मात्र एक-सव्वा व्होल्टच लागतात, पण प्रवाह भरपूर लागतो. ६० वॅटचा साधा प्रोसेसर १.२ व्होल्टवर पूर्ण जोराने चालला तर ५० अँपियर प्रवाह घेतो. आपल्या घरी पंखे, दिवे, टीव्ही सगळे मिळूनसुद्धा एवढे अँपियर होत नाहीत. (व्होल्ट कमी म्हणून अँपियर जास्त. वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार, हे दहावीच्या मुलांनी करून पाहावे.) हे १२ चे सव्वा करण्याचे काम प्रोसेसरच्या शेजारचे छोटे काळे ट्रान्झिस्टर, कॉइल आणि कॅपॅसिटर करतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले असल्याने कॅपॅसिटर म्हटले की मला आधी 'संधारित्र' आठवते, मराठी पुस्तकांत 'धारित्र' म्हणतात. काम तेच. अंगणातला रांजण जसा नळ थांबला-सुटला तरी घरात पाणी सारखे देतो, तसा कॅपॅसिटर विजेचा चढउतार पोटात घेऊन प्रोसेसरला सारखी वीज देतो.

या रांजणानेच एकदा जगभर घात केला. साधारण १९९९ ते २००७ या काळात तैवानमधील काही कारखान्यांनी बनवलेल्या कॅपॅसिटरमधील द्रव सदोष निघाला. त्यात पाण्याचे प्रमाण होते, पण आतल्या ॲल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारे रसायन नीट नव्हते. परिणामी आत हायड्रोजन वायू तयार होई, डबीचे डोके फुगे आणि शेवटी तपकिरी द्रव बाहेर येई. दुसऱ्या कंपनीचे रासायनिक सूत्र अर्धवट चोरल्यामुळे हे घडले, अशी गोष्ट त्या वेळी फार गाजली, पण ती पूर्णपणे सिद्ध झाली नाही. फटका मात्र खरा होता. डेल कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या किमान १ कोटी १८ लाख संगणकांना या दोषाचा धोका होता, असे पुढे खटल्याच्या कागदपत्रांतून २०१० मध्ये बाहेर आले, आणि २००५ मध्ये कंपनीने यापोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. एचपी आणि ॲपललाही याची झळ लागली. अबिट नावाची बोर्ड बनवणारी कंपनी त्या काळी नावाजलेली होती, तिचेही बोर्ड यात सापडले.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी टिपून घेतल्या. एक म्हणजे, डब्यावर नाव एका कंपनीचे असते पण आतला रुपया-दोन रुपयांचा भाग भलत्याच कंपनीचा असतो, आणि तो भाग एकाच वेळी पाच ब्रँडांच्या बोर्डांत बसलेला असू शकतो. मग "कोणती कंपनी चांगली" या प्रश्नाला अर्थ किती उरतो? दुसरी गोष्ट अशी की, हे बोर्ड नवे असताना उत्तम चालत. परीक्षण करणाऱ्यांनी त्यांना शाबासकी दिली होती. दोष दिसायला वर्ष-दोन वर्षे लागली. तेव्हा नव्या बोर्डाचे कौतुक वाचून त्याच्या टिकाऊपणाबद्दल फारसे काही कळत नाही.

असे पुढेही घडत राहिले. ३१ जानेवारी २०११ रोजी खुद्द इंटेलने जाहीर केले की त्यांच्या नव्या ६-मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष आहे. डिस्क जोडण्याच्या सहा जागांपैकी चार जागा काळानुसार कमजोर होत जाणार होत्या. कारण एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते. दुरुस्ती, बदली आणि थांबलेली विक्री मिळून सुमारे १०० कोटी डॉलरचा तोटा कंपनीने सांगितला. त्या चिपसेटवर बोर्ड बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्यांचा माल परत गेला, यात त्या कंपन्यांचा दोष काहीच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये आसुसच्या झेड६९० हीरो या महागड्या बोर्डावर एक कॅपॅसिटर उलटा बसवल्याचे आढळले आणि कंपनीने बोर्ड बदलून दिले. २०२३ च्या वसंतात एएमडीच्या काही नव्या रायझेन प्रोसेसरांचे सॉकेट जळाल्याची उदाहरणे समोर आली. बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. मग एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि कंपन्यांना नवे बायोस द्यावे लागले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांत अस्थिरता आली, तिथेही प्रश्न वाढीव व्होल्टेजचाच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर सुधारणा निघाली आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पाहा, यातली शेवटची तिन्ही उदाहरणे महाग सामानाची आहेत. जास्त पैसे दिले की जास्त टिकेल, हे आपण सायकलीबद्दल किंवा पितळेच्या भांड्याबद्दल म्हणू शकतो. मदरबोर्डात जास्त पैसा बहुतेक वेगासाठी, रंगीत दिव्यांसाठी आणि जास्त जोडण्यांसाठी जातो. आपल्या मुलांना टायपिंग, स्प्रेडशीट, पायथन आणि थोडे चित्रांचे काम करायचे आहे. त्यांना यातले काही लागत नाही. जेवढे कमी सामान तेवढे बिघडायलाही कमी, असे मला वाटते. आणि अगदी नव्या मालिकेच्या मागे शाळेने कधीच धावू नये. बाजारात वर्ष-दीड वर्ष झालेला, ज्याचे दोष लोकांच्या अनुभवातून बाहेर येऊन दुरुस्त झाले आहेत, असा बोर्ड आपल्यासाठी योग्य.

आता माजी विद्यार्थ्यांच्या चार वेगळ्या उत्तरांकडे वळू. ज्याचा बोर्ड जळाला तो दहा जणांना सांगतो. ज्याचा आठ वर्षे चालला तो कोणालाच सांगत नाही, सांगण्यासारखे असते काय? शिवाय गावात ज्या कंपनीच्या सायकली जास्त, तिच्याच पंक्चर दुरुस्तीला जास्त येणार. एवढ्यावरून ती सायकल वाईट ठरत नाही. म्हणून तक्रारींची नुसती संख्या पाहून उपयोग नाही, किती विकले त्यापैकी किती परत आले, हे पाहिजे. असे आकडे कंपन्या सहसा देत नाहीत. फ्रान्समध्ये हार्डवेअर डॉट एफआर या संस्थेने काही वर्षे एका मोठ्या विक्रेत्याकडे परत आलेल्या मालाचे आकडे छापले होते. त्यात मोठ्या मदरबोर्ड कंपन्यांचे प्रमाण बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्या आसपास असे आणि त्यांच्यातले अंतर फार मोठे नसे. क्रमही दर वेळी बदले.

अकरावीच्या मुलांसाठी हा हिशेब देतो. समजा 'अ' कंपनीचे शंभरात दोन बोर्ड बिघडतात आणि 'ब' चे शंभरात तीन. आपण बारा बोर्ड घेतले. एकही बिघडणार नाही याची संभाव्यता किती? 'अ' साठी ०.९८ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ०.७८. 'ब' साठी ०.९७ चा बारावा घात, सुमारे ०.६९. याचा अर्थ 'ब' घेऊनही दर शंभर शाळांपैकी ६९ शाळांत काहीच होणार नाही आणि ते प्राचार्य म्हणतील, "ब उत्तम!" 'अ' घेणाऱ्या शंभरपैकी २२ शाळांत निदान एक तरी बोर्ड जाईल आणि ते म्हणतील, "अ बेकार!" दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक. बारा बोर्डांच्या अनुभवावरून दोन आणि तीन टक्क्यांतला फरक ओळखताच येत नाही. एका बोर्डाच्या अनुभवावरून तर नाहीच नाही.

तर मग नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांतून कोणती, या चर्चेत बैठक घालवण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. आपल्या हातात ज्या गोष्टी आहेत त्यांचा विचार करू.

पहिली गोष्ट वॉरंटीची. बहुतेक चांगल्या कंपन्या भारतात बोर्डावर तीन वर्षांची वॉरंटी देतात. पण ती कोण पाळणार? बिलावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहिलेला हवा. बोर्ड कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून आलेला हवा, कारण बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला इथले सेवा केंद्र हात लावत नाही. सेवा केंद्र नागपूरला असेल तर आपला माणूस सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येतो. मुंबईलाच असेल तर बोर्ड कुरिअरने जातो आणि परीक्षा संपल्यावर परत येतो. एकेकाळी गोव्यात वेर्णा येथे स्मार्टलिंकच्या कारखान्यात गिगाबाइटचे बोर्ड बनत असत. बनवणारा इतका जवळ असणे फार थोड्यांच्या नशिबी, पण दुरुस्त करणारा जवळ असावा एवढे तरी पाहता येते. खरेदीपूर्वी सेवा केंद्राला स्वतः फोन करून हा बोर्ड तिथे बदलून मिळतो का, ते विचारावे. दुकानदाराच्या शब्दावर थांबू नये.

वॉरंटीत काय बसत नाही, तेही वाचावे. जळालेला बोर्ड, वीज पडून गेलेला बोर्ड, गंज चढलेला बोर्ड आणि वाकलेली पिन. शेवटची गोष्ट फार लोकांना माहीत नसते. इंटेलच्या बोर्डांत २००४ पासून आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांत २०२२ पासून, प्रोसेसरच्या बारीक पिना बोर्डावरच असतात. प्रोसेसर बसवताना एक पिन वाकली की कंपनी हात वर करते. म्हणून डबा उघडल्या उघडल्या दुकानदारासमोर सॉकेटचा मोबाइलने जवळून फोटो काढायचा, आणि सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकायचे नाही. बोर्ड परत पाठवताना ते मागतात.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आपल्याकडे दोन कोटेशन आली आहेत. एकात प्रत्येक बोर्डामागे सुमारे दीड हजार रुपये कमी आहेत, बारा संगणकांचे अठरा हजार. शाळेसाठी ही रक्कम लहान नाही, एवढ्यात वाचनालयाची दोन कपाटे येतात. पण त्या कोटेशनमधील बोर्ड अनोळखी नावाचा आहे आणि त्यावरचा चिपसेट एच८१, म्हणजे २०१३ सालचा. असे 'नवे' बोर्ड बाजारात भरपूर मिळतात. पाटी नवी असते, पण चिप अनेकदा जुन्या बोर्डावरून काढून बसवलेली असते. सोबतचा प्रोसेसरही वापरलेला. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण त्यासाठी टीपीएम २.० आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. वॉरंटी एक वर्षाची आणि तीही दुकानदाराची. म्हणजे ज्या कारणासाठी आपण खर्च करतो आहोत ते कारणच तसेच राहते. दुसऱ्या कोटेशनमध्ये २०२२ च्या एच६१० चिपसेटचा साधा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा छोटा प्रोसेसर आहे. २०२४ चा इंटेलचा गोंधळ या पिढीत नव्हता. माझी शिफारस याच बाजूने आहे.

ज्यांना काटकसर करायची आहे त्यांच्यासाठी एक मार्ग असाही आहे, जे आठ जुने संगणक अजून चालतात त्यांतले चांगले चार लिनक्सवर चालवावेत. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' प्रणाली मोफत आहे आणि तिच्यात मराठी व हिंदी दोन्ही चालतात. पायथन शिकायला तिथे काही कमी पडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपले चार बोर्ड का गेले? काही पालकांचे म्हणणे पडले की उन्हाने. बालाघाटचा मे महिना कोणाला सांगायला नको. उष्णतेने कॅपॅसिटरचे आयुष्य घटते हे खरेच आहे. द्रव भरलेल्या कॅपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. डबीवर १०५ अंश आणि २,००० तास लिहिले असेल, आणि डब्याच्या आत तो भाग ६५ अंशांवर राहत असेल, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. आपला संगणक कक्ष दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस चालतो, म्हणजे १,२०० तास. भागाकार केला तर सव्वीस वर्षे होतात! आजच्या बोर्डांवर घन कॅपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य त्याहून जास्त. आणि मे महिन्यात शाळाच बंद असते. तेव्हा उन्हाने हे बोर्ड गेले असे मला वाटत नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या बँकेच्या यंत्राची गोष्ट निराळी.

आपले बोर्ड पावसाळ्यात गेले. तेव्हा विजेकडे आणि दमटपणाकडे पाहायला हवे. लाईन जाते आणि येते तेव्हा एकदम झटका बसतो. आसपास वीज पडते तेव्हा तारांत क्षणभर मोठे व्होल्टेज उठते. मध्य प्रदेश वीज पडण्याच्या बाबतीत देशात वरच्या क्रमांकांत आहे. हा झटका प्लगमधूनच येतो असे नाही. कार्यालयापासून संगणक कक्षापर्यंत अंगणावरून गेलेली जी नेटवर्कची तार आहे, तिच्यातूनही येतो. आपल्या चारपैकी दोन संगणकांत नेटवर्कचाच भाग आधी गेला होता, हे मिस्त्रीने लिहून दिले आहे. ती लांब तार काढून तिथे काचतंतूची, म्हणजे फायबरची तार टाकली तर तो रस्ताच बंद होतो, कारण काचेतून वीज वाहत नाही.

अर्थिंगचे तर बोलायलाच नको. तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झाले असे नाही, तिसरी तार जमिनीत नीट पोहोचली पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज दोन-तीन व्होल्टांच्या आत असावे. ते दहा-वीस भरले तर काही तरी सुटले आहे. जमिनीतला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते, म्हणून त्यात पाणी घालावे लागते. तुळशीला घालतो तसे, रोज नाही तरी आठवड्यातून एकदा.

धुळीचाही वाटा आहे. आपला जिल्हा धानाचा, मळणीच्या दिवसांत कोंड्याची बारीक धूळ सगळीकडे बसते. कोरडी धूळ फार त्रास देत नाही, पंखा अडवते एवढेच. पण चंदन नदीकाठच्या पावसाळी हवेत ती ओल धरते आणि पाटीवरच्या बारीक जोडण्यांमध्ये वीज झिरपू लागते. यासाठी दिवाळीच्या सुट्टीत आणि जूनच्या आरंभी, अशी वर्षातून दोनदा डबे उघडून ब्लोअरने सफाई हवी. सुट्टीतही आठवड्यातून एकदा संगणक तासभर सुरू ठेवावेत, आतल्या उबेने ओल उडते. पालीसाठी मागच्या फटी बंद कराव्यात. हसू नका, पालीने बंद पाडलेला बोर्ड मी पाहिला आहे.

एसएमपीएसबद्दल दोन शब्द. बोर्ड चांगला आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, हे जोडपे जमत नाही. नियमाप्रमाणे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत असावी. बायोसच्या पडद्यावर हे आकडे दिसतात, मुलांनी महिन्यातून एकदा टिपले तरी घसरण लक्षात येईल. कोटेशनमध्ये मी ८० प्लसची खूण असलेला एसएमपीएस वेगळा लिहून घेतला आहे. कोणत्याही सवलतीच्या बदल्यात तो काढू देऊ नये, ही विश्वस्तांना विनंती.

राहिला प्रश्न सगळे बोर्ड एकसारखे घ्यावेत का. एकसारखे असले की एक जादा बोर्ड कपाटात ठेवता येतो आणि कोणताही संगणक बंद पडला की तासाभरात बदलता येतो. पण डेलच्या गोष्टीसारखा एखाद्या लॉटमध्येच दोष निघाला तर बाराही एकदम जातील. यावर माझा प्रस्ताव असा आहे की मॉडेल एकच ठेवावे, पण सहा बोर्ड आता जूनमध्ये घ्यावेत आणि सहा कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेनंतर. म्हणजे लॉट बदलेल, आणि पहिल्या सहांनी एक पावसाळा पाहिलेला असेल. मधल्या काळात जुने चालते संगणक आहेतच. दुकानदार दोनदा भाव वेगळा लावेल, अशी शंका एका विश्वस्तांनी काढली, ती रास्त आहे. त्यासाठी भाव आधीच लेखी ठरवता येईल, आणि थोडा फरक पडला तरी तो मला मान्य आहे.

नवे यंत्र आले की पहिले तीन दिवस सतत चालू ठेवायचे. कारखान्यातून आलेला कच्चा माल बहुधा सुरुवातीलाच जातो. मग बरीच वर्षे बिघाड कमी असतो आणि म्हातारपणी पुन्हा वाढतो. तेव्हा जो जाणार आहे तो दुकानदार बदलून देतो त्या दिवसांतच जावा. त्या वेळी रॅम तपासण्याचा मोफत कार्यक्रम रात्रभर चालवायचा. हे काम बारावीच्या मुलांनी मागून घेतले आहे.

आणि संगणक कक्षात एक यंत्रवही सुरू केली आहे. प्रत्येक संगणकाच्या नावाने एक पान. बोर्डाचा अनुक्रमांक, घेतल्याची तारीख, बिघाडाचा दिवस, त्या दिवशी पाऊस होता का, लाईन गेली होती का, दुरुस्ती काय झाली. मागच्या चार बिघाडांची नोंद मिस्त्रीच्या पावत्यांवरून मुलींनी भरून काढली, तेव्हाच ते चारही पावसाळ्यातले आहेत हे ध्यानात आले. पाच वर्षांनी पुन्हा बोर्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा जे कोणी प्राचार्य असतील त्यांना या वहीचा उपयोग होईल.

अर्थिंगची तपासणी पुढील शनिवारी दुपारी दोन वाजता ठेवली आहे. पालकांपैकी जे विजेचे काम करतात त्यांनी मीटर घेऊन यावे. मुलांनी पाहायला थांबावे, पण बोर्डपेटीला हात लावू नये. खड्ड्यासाठी कोळसा आणि मीठ एका पालकांनी देऊ केले आहे. तांब्याची पट्टी मात्र विकत घ्यावी लागेल, तिचा भाव बालाघाटहून मागवला आहे.

— प्राचार्य